आपल्या वयाचा माणूस अचानक गेला की तुमच्या श्रद्धेचं काय होतं?

आडगावनाका_४४

मंडळी, हा धागा आरोग्यमध्ये टाकू की अध्यात्ममध्ये ते कळेना म्हणून इथेच टाकतोय, अ‍ॅडमिनना वाटलं तर हलवा.

आमचा मित्र गेला. इंजिनिअरिंगचा बॅचमेट, नंतर अंबड एमआयडीसीत दोघांच्या कंपन्या समोरासमोर, म्हणजे वीस-बावीस वर्षं रोजचा चहा एकाच टपरीवर. वय ४४. सकाळी गोल्फ क्लब ग्राउंडवर चालून आला, पोहे खाल्ले, शर्टाची बटणं लावता लावता पलंगावर बसला तो तसाच आडवा झाला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलेलं. सिगारेट नाही, दारू नाही, शुगर नाही. घरात रोज पूजा, दोन्ही एकादश्या, श्रावणात तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकला ब्रह्मगिरीची फेरी चुकवायचा नाही. आणि मी? देव मानत नाही, दिवसाला पाच-सहा सिगारेटी होतात, फेरी सोडा सोसायटीचे जिने चढायचे तर लिफ्टची वाट बघतो. मी इथे बसून धागा काढतोय.

रडायचं ते रडून झालंय, सांत्वन नकोय. मला डोक्यात गेलंय ते लोकांचं बोलणं. अमरधामला चिता पेटलेली आणि मागे दोघं बोलतायत की रात्री उशिरा जेवायचा म्हणे. दुसऱ्या दिवशी कोणीतरी, कोविडची लस किती घेतलेल्या. तिसऱ्या दिवशी एक काकू, घराचं दार दक्षिणेला आहे ना. दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला आणि अक्षरशः अर्ध्या मिनिटात कावळा शिवला. गुरुजी म्हणाले, पुण्यवान माणूस, काही इच्छा राहिली नव्हती. सगळ्यांनी माना डोलावल्या. अहो ४४ व्या वर्षी इच्छा राहिली नव्हती? फ्लॅटचे हप्ते चालू आहेत, पोरगी नववीत आहे, आई ७२ वर्षांची घरात बसलीय, गाडीला नवीन टायर टाकायचे म्हणून आदल्या दिवशी माझ्याशी टायरच्या किमतीवरून वाद घालत होता. कावळा उशिरा आला असता तर निदान कोणीतरी पुढे होऊन "पोरीचं शिक्षण आम्ही बघतो" असं म्हणालं असतं. लगेच आला, त्यामुळे तेही राहिलं.

तर प्रश्न असा की तुमच्यापैकी कोणाचा असा बरोबरीचा माणूस गेलाय का, आई-वडील आजी-आजोबा नाही, बरोबरीचा. त्यानंतर देवावरचा विश्वास वाढला, गेला, का आहे तिथेच राहिला?

सातपूर_कॉलनी

फार वाईट झालं. ॐ शांती.

देवळाली_सायकलवाला

भावपूर्ण श्रद्धांजली. खरंय, आयुष्याचा काही भरवसा नाही, रोजचा दिवस जगून घ्यायचा.

आडगावनाका_४४

धन्यवाद दोघांना. पण हे "जगून घ्यायचं" म्हणजे नक्की काय करायचं हो? मी तर तेव्हापासून रोज ऑफिसला जातोय आणि रात्री छातीत गॅस झाला तरी उठून बसतोय.

कायदेशीर_काका

तुम्ही विषय काढला म्हणून स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मी त्र्यंबकरोडला राहतो, रिटायर्ड आहे. एवढ्या कमी वयात निर्व्यसनी माणूस जातो तेव्हा पत्रिका बघून घ्यावी. कालसर्प असतो, पितृदोष असतो, घरात कोणाचं अकाली झालेलं असतं आणि त्याचं काही केलेलं नसतं. आपल्या शेजारी त्र्यंबकेश्वर आहे, अख्ख्या देशातून लोक नारायण नागबळीला येतात, तीन दिवस राहून करून जातात, आणि नाशिककरच करत नाहीत. निदान मुलीसाठी तरी वहिनींना सांगा.

डॉक्टरीण_बाई

काका, नववीतल्या मुलीला "तुझ्या बापाच्या पत्रिकेत होतं" असं कोणी सांगू नका एवढीच विनंती. ती आयुष्यभर स्वतःची पत्रिका उघडून बघत बसेल.

मी फिजिशियन आहे म्हणून थोडं लिहिते. हार्ट अटॅक आणि कार्डिअ‍ॅक अरेस्ट यात लोक गोंधळ करतात. अटॅक म्हणजे हृदयाला रक्त देणारी नळी बंद होते, माणूस शुद्धीवर असतो, घाम येतो, जबडा, खांदा, हात दुखतो, कधी नुसतं पित्तासारखं वाटतं. अरेस्ट म्हणजे हृदयाचे ठोके बिघडून ते नुसतं थरथरतं, रक्त पुढे जात नाही, काही सेकंदात माणूस कोसळतो. पहिल्यातून दुसरं होऊ शकतं. आणि "मागच्या वर्षीच स्ट्रेस टेस्ट नॉर्मल होती" हे मी इतक्या घरांतून ऐकलंय! ती टेस्ट बहुतेक वेळा नळी बरीच अरुंद झाली असेल तरच काही दाखवते. तीस-चाळीस टक्क्यांचाच थर असतो, त्रास काही नसतो, एक दिवस तो थर फुटतो, वर गुठळी जमते आणि नळी बंद. आपल्याकडच्या लोकांना पहिला अटॅक इतर देशांतल्या लोकांपेक्षा साधारण पाच-सहा वर्षं आधी येतो हे मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसलेलं आहे. घरात वडिलांना, भावाला कमी वयात झालेलं असेल तर तुम्ही कितीही चाला, तपासणी लवकर सुरू करायची.

आणि माणूस कोसळला, हाक मारून उठत नाही, श्वास नीट नाही, तर पाणी पाजायचं नाही, कांदा हुंगवायचा नाही. एकाने १०८ लावायचा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायला सुरुवात करायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती पाच-सहा सेंटिमीटर खाली गेली पाहिजे. थांबायचं नाही. बरगडी मोडली तरी चालेल. मदत मिळाली नाही तर प्रत्येक मिनिटाला जगायची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी कमी होते.

श्रद्धेचं विचारलंत तर माझी आहे. ओपीडीत गणपती आहे. पण त्याला मी रिपोर्ट विचारत नाही.

कायदेशीर_काका

डॉक्टर, मी मुलीला सांगा म्हणालो नाही, वहिनींना म्हणालो. आणि तुमचं सायन्स सांगून माणूस परत आला का?

डॉक्टरीण_बाई

नागबळीनेही नाही येणार काका.

अ‍ॅडमिन

दोघंही जरा सबुरीने. धागा दुखवट्याचा आहे.

पायवाट

आडगावनाका, तुम्ही अमरधामच्या मागच्या बोलण्याचं लिहिलंत त्यावर. माझा नवरा ३९ व्या वर्षी गेला. झोपेत. त्याला आता बरीच वर्षं झाली, त्यामुळे शांतपणे लिहू शकते.

मला तेव्हा अमरधामला नेलं नाही, बायकांनी जायचं नसतं म्हणून. घरी बसवून बांगड्या काढल्या, तेही माझ्या सख्ख्या मावशीने. २०२२ ला कोल्हापूरकडच्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव करून हे प्रकार बंद केले, पेपरात वाचलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, कारण मला वाटलं हे एका ठरावाने बंद होणारं होतं तर माझ्या वेळी कोणी तोंड का नाही उघडलं. असो.

देवाचं म्हणाल तर मी दिवा लावणं सोडून दिलं होतं. देव्हाऱ्यासमोरून जाताना मुद्दाम तोंड फिरवायचे, एखाद्याशी अबोला धरतात ना तसं. पुढे सासूबाईंचे गुडघे गेले, त्यांना खाली वाकता येईना, मग त्यांच्यासाठी म्हणून लावायला लागले. अजून लावते. विश्वास परत आला का? माहीत नाही. सात वाजले की हात आपोआप काडेपेटीकडे जातो.

तुमच्या वहिनींसाठी एक सांगू? तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं, डबे येतात, कोणी एकटं सोडत नाही. चौदाव्या दिवशी जे घर रिकामं होतं ना. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात जा तुम्ही. तेव्हा लोकांना वाटतं की आता सावरली असेल, आणि त्याच वेळी बँक, लाइट बिल, शाळेची फी, गॅस कनेक्शन, सगळ्यावर त्याचं नाव असतं आणि प्रत्येक खिडकीवर मृत्यूचा दाखला काढून दाखवावा लागतो. दाखल्याच्या पाच-सहा प्रती तर आत्ताच काढून ठेवायला सांगा. घरी झालेला मृत्यू २१ दिवसांच्या आत नोंदवावा लागतो, नंतर विलंबशुल्क आणि फेऱ्या.

आडगावनाका_४४

पायवाट ताई, तुमचा प्रतिसाद ऑफिसात वाचला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. नोंदणी झाली, प्रती काढतो.

डॉक्टर, तुम्ही म्हणता ते पटतंय, त्याचे वडील पन्नाशीत गेलेले होते, हार्टनेच. पण आता काका आणि तुम्ही दोघांचं वाचून मला एक गोष्ट लिहावीशी वाटते, चुकीची वाटली तर सोडून द्या. दार दक्षिणेला, पत्रिकेत दोष, रात्री उशिरा जेवायचा, लस, टेन्शन घ्यायचा, वडिलांना होतं. हे सगळे लोक त्याच्यात आणि स्वतःच्यात फरक शोधतायत. फरक सापडला की बरं वाटतं, चला, आपलं दार पूर्वेला आहे. मीसुद्धा तेच केलं, त्याचे वडील हार्टने गेले, माझे वडील धडधाकट आहेत, हे मला दवाखान्याच्या जिन्यातच सुचलं होतं. म्हणजे बॉडी अजून वर होती आणि मी हिशोब करत होतो. श्रद्धावाला, सायन्सवाला, माझ्यासारखा कशातच नसलेला, सगळ्यांना "हा का गेला" यापेक्षा "मी का नाही जाणार" याचं उत्तर पाहिजे असतं. आणि त्यासाठी मेलेल्या माणसात काहीतरी खोट काढावी लागते. मला राग त्याचा आलाय. त्याच्यात काही खोट नव्हती हो.

डॉक्टरीण_बाई

अर्धं मान्य. पण फरक शोधणं हेच माझं काम आहे. तुम्ही पाच-सहा सिगारेटी ओढता, हा फरक आहे आणि तो तुमच्या बाजूचा नाही. मित्र निर्व्यसनी असून गेला म्हणून सिगारेट निर्दोष सुटत नाही. लिपिड प्रोफाइल, बीपी, शुगर करून घ्या आणि उगाच तत्त्वज्ञान करून टाळू नका.

आडगावनाका_४४

बसलो गप.

त्र्यंबकचा_वारकरी

रामकृष्णहरी. आमच्या घरात तीन पिढ्या वारी आहे, ज्येष्ठात नाथांची पालखी निघते त्याबरोबर पंढरपूरला जातो. माऊली, तुम्ही बरोबरीच्या माणसाचं विचारलं म्हणून निवृत्तीनाथांचं सांगतो. लोक त्र्यंबकला ज्योतिर्लिंगाच्या रांगेत चार-चार तास उभे राहतात आणि तिथूनच जवळ समाधी आहे तिकडे फिरकत नाहीत.

निवृत्तीनाथ चौघांत थोरले. ज्ञानोबा त्यांचे धाकटे भाऊ आणि शिष्य पण. १२९६ च्या कार्तिकात आळंदीला ज्ञानोबांनी समाधी घेतली, वय एकवीस-बावीस. मग महिनाभरात सासवडला सोपानकाका. मग मुक्ताई. वर्ष पुरं व्हायच्या आत तिन्ही धाकटी गेली आणि थोरला मागे राहिला, मग ते त्र्यंबकला आले. आई-बाप तर लहानपणीच गेलेले. ज्यांना गुरू म्हणायचं, ज्यांनी ज्ञानोबांना ज्ञान दिलं, ते भावाच्या समाधीच्या वेळी कसे कोसळले ते नामदेवांनी लिहून ठेवलंय, आमच्यात ते अभंग म्हणताना अजून माणसं रडतात. कोणी असं म्हणत नाही की नाथांचा विश्वास कमी पडला. म्हणजे मला जे कळलं ते एवढं की श्रद्धा असली की दुःख होत नाही असं कोणी सांगितलेलंच नाही. ते आपणच ठरवलं. पौष वद्य एकादशीला यात्रा असते, थंडी फार असते, एकदा या.

पायवाट

किती छान लिहिलंत दादा. थोरल्याचं कोणी बोलतच नाही.

पेठरोड_वाचक

समाधी घेणं आणि अटॅकने जाणं एक कसं? ते स्वेच्छेने होतं.

त्र्यंबकचा_वारकरी

जाणाऱ्याला एक नाही. मागे राहणाऱ्याला एकच की.

लेणी_मॉर्निंगवॉक

मी बरेच महिने नुसता वाचतो, पहिल्यांदा लिहितोय. मी रोज पहाटे पांडवलेणी चढतो, म्हणजे खरं नाव त्रिरश्मी लेणी, पांडवांचा तिथे काही संबंध नाही. आम्ही बौद्ध. पणजोबा २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या काळाराम सत्याग्रहात होते आणि दार काही त्यांच्यासाठी उघडलं नाही. त्यामुळे "देवाने असं का केलं" हा प्रश्न आमच्या घरात पडतच नाही, त्या दारातून आम्ही कधीच परत फिरलो. आमच्याकडे सगळंच अनित्य आहे असं पाठ असतं, अंत्यविधीला भंतेजी पालीतून तेच म्हणतात. पण माझा चुलतभाऊ वणीच्या रस्त्यावर अपघातात गेला, माझ्यापेक्षा महिन्याने लहान, तेव्हा अनित्य बिनित्य काही कामाला आलं नाही, खरं सांगतो.

मला जे कामाला आलं ते लेण्यातलं. तीन नंबरचं लेणं आहे, तिथे व्हरांड्याच्या भिंतीवर वर एक मोठा शिलालेख आहे, ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. तो गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा आहे, गौतमी बलश्रीचा. म्हातारपणी, मुलगा गेल्यावर, नातू पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी तिने ते लेणं भिक्षूंना दान दिलं. शाळेत आपण घोकलेलं असतं, शक-यवन-पल्हवांचा नाश केला, तीन समुद्रांचं पाणी प्यायलेले घोडे, ते सगळं त्याच लेखातलं आहे. पण ते सगळं आई सांगतेय! त्यात मुलाचा चेहरा पौर्णिमेच्या चंद्रासारखा होता असंही आहे. आणि एवढ्या लढायांच्या मध्ये, आईची सेवा कधी न चुकवणारा, असंही कोरून ठेवलंय. राजा तो जगाला. तिने हे लिहायचं सोडलं नाही.

त्यात तो का गेला, कशाने गेला, एक अक्षर नाही. कसा होता तेवढंच आहे. मी भावाच्या आईकडे, माझ्या काकूकडे, गेलो आणि तिला म्हणालो, तू सांग तो कसा होता, मी ऐकतो. दोन तास बोलली. अपघाताचा विषयच काढला नाही.

आडगावनाका_४४

हे वाचून अंगावर काटा आला राव. मित्राची आई येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगते, रात्री झोपायच्या आधी माझे पाय चेपायचा. आणि लोक तिला थांबवतात, "आई आता नका आठवू, त्रास होईल." मी पण थांबवलंय.

काल संध्याकाळी गेलो होतो. पाय चेपायचं तिने सांगितलं, मग मी विचारलं लहानपणी कसा होता, तर म्हणाली पाचवीत असताना गंगेच्या पुरात मारुती किती बुडाला ते बघायला न सांगता गेला आणि हिने झाडूने मारला. गोदावरीतला दुतोंड्या मारुती. मला हे बावीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं त्याने! पोरगी आतल्या खोलीतून बाहेर येऊन ऐकत होती. म्हणाली, पप्पांनी मार खाल्ला?

सिगारेटचं म्हणाल तर चालू आहे, कमी आहे. खोटं लिहीत नाही.

जुनेनाशिक_चौक

भाई, आमच्यात तीन दिवसांचा दुखवटा, बायकोला इद्दत चार महिने दहा दिवस. पायवाट ताईंनी जे तिसऱ्या-चौथ्या महिन्याचं लिहिलं ते वाचून हेच आठवलं. माझा पार्टनर गेला तेव्हा कबरीवर तीन मुठी माती टाकली आणि घरी येऊन गॅरेज उघडलं, गिऱ्हाइकाची गाडी वरती चढवलेली होती. नमाज आधीही पढायचो, नंतरही. फरक एकच की आता घाई नाही करत.

कायदेशीर_काका

मी सगळा धागा वाचला. वारकरीबुवांनी चांगलं लिहिलं. माझं मत नागबळीबाबत आहे तेच आहे, ते मी बदलत नाही. पण एक विचारायचं होतं. मित्राच्या पीएफचं कोणी बघतंय का? मी तीस वर्षं एका कंपनीत पर्सनल डिपार्टमेंटला काढली आहेत. लोक फक्त पीएफची रक्कम काढतात आणि बाकीचं सोडून देतात.

पीएफला फॉर्म २०. विधवेच्या आणि मुलांच्या पेन्शनला फॉर्म १०डी, मुलीला २५ व्या वर्षापर्यंत मिळते. आणि ईडीएलआय म्हणून विमा असतो, नोकरीत असताना मृत्यू झाला तर जास्तीत जास्त सात लाख, त्याला फॉर्म ५आयएफ. त्याचे पैसे पगारातून कापत नाहीत, कंपनी भरते, म्हणून घरच्यांना त्याची माहितीच नसते. ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट मृत्यूच्या बाबतीत लागू नाही, तसं याच्या बाबतीत प्रश्नच नाही म्हणा. नॉमिनेशन कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा. लग्नाआधी केलेलं असलं तर आईचं नाव असतं, आणि मग सासू-सुनेत गैरसमज होतात, मी पाहिलेत. लग्न झाल्यावर पीएफचं आधीचं नॉमिनेशन बाद होतं, नवीन करावं लागतं, हे नव्वद टक्के लोकांना ठाऊक नसतं.

आडगावनाका_४४

काका, यातलं ईडीएलआय वगैरे कोणालाच माहीत नव्हतं. कंपनीतून नुसतं "प्रोसेस चालू आहे" असं सांगतायत. आणि नॉमिनेशन आईच्याच नावावर निघालं, तुम्ही म्हणालात तसंच. आता?

कायदेशीर_काका

घाबरायचं कारण नाही, कुटुंबाच्या व्याख्येत बायको आणि मुलगी येतात, कागद नीट लावले की होतं. फोनवर नको, समोर बसून भरू. सोमवारी अकराला घरी या, वहिनींना पण आणा म्हणजे सह्या होतील. पत्ता मेसेजमध्ये टाकतो.

आडगावनाका_४४

येतो काका. पत्रिका आणत नाही.

कायदेशीर_काका

नको आणू. पासबुक आण, कॅन्सल चेक आण, आणि आईंच्या आधारची झेरॉक्स. दोन.